घरातली जुनी बारा बोअर विकायची आहे? किंमत कशावर ठरते, ते आधी समजून घ्या

वडिलांची दुनळी बंदूक विकायला मला अकरा महिने लागले. त्यातले सात महिने एका चुकीच्या आकड्यापायी गेले. बंदूक चांगली होती, विलायती होती, आजोबांनी ती भोरकडच्या भातखाचरांच्या राखणीसाठी घेतलेली होती. तरीही पहिल्या दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून मी आणि आई न बोलता घरी आलो. पुढे कळलं की तो भाव बंदुकीचा नव्हताच, आमच्या अपुऱ्या कागदांचा होता.

पुण्यात अशी पुष्कळ घरं आहेत. गावाकडे शेती, शेतीवर एक बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, ज्यांच्या नावावर परवाना ते आता थकलेले किंवा गेलेले, आणि मुलं कोथरूड-वाकडच्या फ्लॅटमध्ये. त्यांच्यासाठी हे लिहितोय. जुनी बंदूक विकत घेणाऱ्यालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

१. पहिला प्रश्न: विकण्याचा हक्क तुमच्याकडे आहे का?

परवानाधारक हयात असेल आणि परवाना चालू असेल तर गोष्ट सोपी. विक्री त्यांच्याच सहीने होते.

परवानाधारक वारले असतील तर ती बंदूक घरात ठेवण्याचा हक्क तुम्हाला आपोआप मिळत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. दिवसकार्य आटोपलं की हे काम पहिलं करा. जमा केली म्हणजे गमावली, असं नाही. वारस म्हणून ती पात्र माणसाला विकून पैसे घेण्याचा हक्क तुमचाच राहतो, पण मुदतीच्या आत. मुदत उलटून गेली तर बंदूक सरकारजमा होऊ शकते. म्हणून जमा करतानाच पावती घ्या, आणि मुदत किती आहे हे तिथेच लेखी विचारून ठेवा.

पोलीस ठाणं की दुकान? माझ्या मते दुकान. महिन्याचं भाडं द्यावं लागतं, पण बंदूक तेल लावून, कोरड्या जागी उभी राहते. ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत तिची कोण काळजी घेणार? निवडणुकीच्या आचारसंहितेत महिना-दोन महिने जमा राहिलेल्या बंदुका परत येताना नळीत तांबूस थर घेऊन आलेल्या मी पाहिल्या आहेत. पावसाळा मध्ये आला तर विचारूच नका.

विकायचीच नसेल तर आणखी एक वाट आहे. शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ प्रमाणे, परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षं असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. वडील हिंडते-फिरते असताना हे मला माहीत असतं तर कदाचित मी बंदूक विकलीच नसती.

२. परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर ताडून पाहा

माझे सात महिने गेले ते इथेच.

बंदूक उघडून नळ्या सुट्या केल्या की नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, त्याखालच्या लोखंडी खोक्यावर, म्हणजे अ‍ॅक्शनवर, आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर नंबर कोरलेला असतो. तिन्ही ठिकाणी तो एकच असायला हवा. विलायती बंदुकीवर याशिवाय अजून आकडे असतात. पेटंटचा नंबर असतो, बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा, असतो, कधी नळीच्या वजनाचाही असतो. आमच्या परवान्याच्या पुस्तकात कधीकाळी कुणीतरी बंदुकीच्या नंबराऐवजी पेटंटचा नंबर उतरवला होता. दर नूतनीकरणाला तोच आकडा पुढे गेला, आजोबांच्या पुस्तकातून वडिलांच्या पुस्तकात आला. चाळीस-पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बंदूक बाहेर काढून ताडून पाहण्याची वेळच आली नव्हती.

दुकानदाराने भिंग लावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, कागदावर आहे ती ही बंदूकच नव्हे.”

नंबर दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र, बंदुकीची तपासणी, जुनी खरेदीची पावती, आणि या टेबलावरून त्या टेबलावर फेऱ्या. आजोबांची मुंबईच्या दुकानातली पावती आईने गोदरेजच्या कपाटात, लग्नाच्या शालूखाली जपून ठेवली होती. ती नसती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

म्हणून सांगतो, भावाची चौकशी करण्याआधी हे एवढं करा: बंदुकीवरच्या प्रत्येक आकड्याचा जवळून, स्पष्ट फोटो काढा आणि परवान्यातल्या नोंदीशेजारी ठेवून पाहा. बोअर, नळ्यांची संख्या आणि बनावट हीसुद्धा जुळली पाहिजेत. परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट क्रमांक, आहे ना, हेही बघा. तो नसलेला जुना परवाना पुढे रेटता येत नाही, आणि दुकानदार त्या अडचणीचे पैसे तुमच्या भावातून कापतो.

बरोबर ठेवायचे कागद असे:

- मूळ परवाना आणि आधीची जुनी पुस्तकं, असतील तेवढी सगळी
- खरेदीची पावती, कितीही जीर्ण असो
- विक्रेता आणि घेणारा, दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे
- परवानाधारक वारले असल्यास मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रं, आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र
- ठाण्यात किंवा दुकानात जमा केल्याची पावती
- उरलेल्या काडतुसांचा हिशेब

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. कपाटात मागे राहिलेली पाच काडतुसंही परवान्याच्या हिशेबात धरलेली असतात. ती बंदुकीबरोबरच जमा करायची.

३. कचेरी कुठली, ते आधी ठरवा

पुणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे. या दोन्हींच्या बाहेर, म्हणजे ग्रामीण भागात, जिल्हाधिकारी. परवाना गावच्या पत्त्यावर आणि राहणं बाणेरला, असं असेल तर आधी हे निस्तरा. २०१८ पूर्वी पुणे शहराकडून मिळालेला परवाना आणि आज पत्ता चिंचवडचा, अशीही घरं आहेत.

४. ही बंदूक घेणार कोण?

भाव समजायचा असेल तर गिऱ्हाईक समजलं पाहिजे. पुण्यात मला चार प्रकारची गिऱ्हाइकं दिसली.

सगळ्यात जास्त संख्या गनमनची. सैन्यातून निवृत्त झालेले जवान, ज्यांना बँकेच्या दारात किंवा रोकड नेणाऱ्या गाडीवर नोकरी हवी असते आणि त्यासाठी स्वतःचा परवाना आणि स्वतःची बंदूक लागते. त्यांना नक्षीकाम नको, मजबुती हवी. भारतीय बनावटीची साधी दुनळी किंवा पुढचं लाकूड मागे-पुढे ओढून काडतूस भरायची पंप अ‍ॅक्शन त्यांना पुरते, आणि तिची किंमत पगाराच्या हिशेबात बसावी लागते.

दुसरे शेतकरी, पीकसंरक्षणाचा परवाना असलेले. त्यांनाही साधीच बंदूक लागते, पण जुन्या विलायती बंदुकीची त्यांना पारख असते. तिसरे शौकीन. परवाना आहे, बंदूक क्वचितच उडवतात, पण चांगली वस्तू बाळगायची आवड आहे. चांगला भाव देतात ते हेच. चौथे नेमबाज. ट्रॅप-स्कीटवाल्यांना, म्हणजे उडत्या चकत्यांवर नेम धरणाऱ्यांना, एकावर एक नळ्या असलेली खास स्पर्धेची बंदूक लागते. आजोबांच्या शेजारी-शेजारी नळ्यांच्या बंदुकीशी त्यांना कर्तव्य नसतं.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना एक सोडावी लागली, आणि बहुतेकांनी सोडली ती लांब नळीचीच, कारण पिस्तूल कुणी सोडत नाही. नव्याने घेणाराही दोनपैकी एक जागा पिस्तुलासाठी राखतो. म्हणून विलायती पिस्तुलांच्या लाखांच्या गोष्टी ऐकून बारा बोअरचा अंदाज बांधू नका. दोन्ही बाजार वेगळे आहेत.

५. बनावट कुठली

ऐंशीच्या दशकात सरकारने बंदुकांची खासगी आयात बंद केली. त्यामुळे देशात विलायती बंदुका आहेत तेवढ्याच, नव्या जवळजवळ येत नाहीत. म्हणूनच वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्स, बीएसए या नावांना इथे मान आहे. गंमत अशी की आमच्याकडे होती तशी साधी वेब्ली इंग्लंडमध्ये अगदी स्वस्तात विकली जाते, कारण तिथे तशा हजारोंनी पडून आहेत. पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड या महागड्या इंग्रजी बंदुकांच्या लिलावाचे आकडे इंटरनेटवर पाहून आपल्या बंदुकीची किंमत लावणं म्हणजे पैठणीचा भाव बघून सुती लुगडं विकायला निघणं.

भारतीय बनावटीचा हिशेब सरळ आहे. आयुध निर्माणीची नवी बंदूक ज्या किमतीला मिळते, तिच्यावर जुनी कधीच जाणार नाही. तीच भावाची कमाल मर्यादा. विलायती बंदुकीला अशी मर्यादा नाही. मुंगेरच्या आणि इतर परवानाधारक खासगी कारखान्यांच्या दुनळ्याही बाजारात पुष्कळ आहेत. त्यातल्या काही हाताला चांगल्या लागतात, पण त्यांना नावाचा म्हणून भाव मिळत नाही.

नळीवर नुसतं नाव वाचून हुरळून जाऊ नका. दोन सापळे आहेत.

पहिला, नाव दुकानाचं असतं. मँटन, रॉडा, लायन अँड लायन या कलकत्त्याच्या पेढ्या होत्या. त्यांनी विलायतेत बनवून घेतलेल्या बंदुका आपल्या नावाने विकल्या. बंदूक चांगली असू शकते, खराब नव्हे, पण खरी बनावट कुणाची हे नळीखालच्या खुणांवरून शोधावं लागतं. रॉडाचं नाव ज्यांना १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी पळवलेल्या माउझर पिस्तुलांमुळे माहीत आहे, त्यांना त्या नावाचं अप्रूप वाटतं. बाजाराला मात्र वाटत नाही.

दुसरा सापळा नकली नावांचा. एके काळी बेल्जियमहून स्वस्त बंदुका येत आणि त्यावर इंग्रजी कारागिराच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असे. वेस्टली रिचर्ड्सऐवजी नुसतं डब्ल्यू. रिचर्ड्स, असं. नळ्या उलट्या करा. अंडाकृती चौकटीत ईएलजी ही अक्षरं दिसली तर बंदूक बेल्जियमच्या लिएजची आहे, वर इंग्रजी नाव काहीही असो.

इंग्रजी बंदुकीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची खूण असते. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त ताकदीचा बार उडवून नळी तपासल्याची मोहोर. १९५४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर मुकुटाखाली बीएनपी ही अक्षरं असतात, त्याआधीच्या काहींवर ‘नायट्रो प्रूफ’ असे शब्दच असतात. ही नायट्रोची, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूची, खूण नसेल तर ती नळी जुन्या काळ्या दारूसाठी बनलेली आहे. आजचं काडतूस तिच्यात घालणं जिवावर बेतू शकतं. नळीवर पाण्यात तेल सांडल्यासारखी वेलबुट्टी दिसणाऱ्या दमास्कस नळ्यांच्या बाबतीत तर फारच जपा. दिसायला अतिशय सुंदर, पण वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला निरुपयोगी.

६. नळी

कागद जुळले की किंमत ठरते ती इथे. बाहेरून नव्हे, आतून.

तपासणीआधी एक नियम: बंदूक उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागा, रिकामी आहेत हे डोळ्याने आणि बोटाने पाहायचं. “रिकामीच आहे” असं सांगणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, स्वतःवरसुद्धा. आणि परवाना तुमच्या नावावर नसेल तर हे सगळं दुकानदाराच्या दुकानात, त्याच्यासमोर करा.

नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरा, ट्यूबलाइटच्या दिशेने. स्वच्छ पुसलेल्या नळीत उजेडाची गोल कडी एकात एक दिसतात, विहिरीत वाकून पाहिल्यावर दिसतात तशी. नळी हळूहळू फिरवा. कडं एका जागी वाकडं झालं तर तिथे पोच, म्हणजे बाहेरून दबलेली जागा, आहे. रुंद झालं तर तिथे नळी आतून फुगलेली आहे. पोच चांगला कारागीर काढू शकतो. फुगवटा हे जास्त गंभीर दुखणं, कारण तिथलं लोखंड ताणून पातळ झालेलं असतं.

मग डाग. काळे ठिपके, देवीच्या व्रणासारखे खड्डे. चेंबरच्या पुढे आणि तोंडाशी ते आधी दिसतात. बंदूक उडवून तशीच ठेवून दिली, की पुण्याच्या एका पावसाळ्यात हे होतं. वरवरचे असतील तर भाव थोडा उतरतो. खोल असतील तर घेणारा विचार करतो की हे घासून काढले तर नळीत लोखंड किती उरेल?

आणि हा प्रश्न अगदी बरोबर आहे. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास मुळात ०.७२९ इंच असतो. प्रत्येक वेळी आतून घासून चकचकीत केली की तो वाढतो. इंग्लंडमध्ये मागच्या तोंडापासून नऊ इंचांवर तो मोजतात आणि मूळ खुणेपेक्षा दहा थाऊ वाढला असेल तर ती बंदूक प्रूफबाहेर गेली असं धरतात. (भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना थाऊ सांगायला नको. इंचाचा हजारावा भाग.) नळीच्या भिंतीची जाडी कुठेही वीस थाऊच्या खाली नसावी, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणून नळी आतून आरशासारखी लखलखत असेल तर खूश होण्याआधी मोजून घ्या. थोडे डाग असलेली पण जाड भिंतीची नळी मी केव्हाही बरी म्हणेन.

चेंबरची लांबी पुष्कळांना माहीतच नसते. जुन्या इंग्रजी बंदुका अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या. नव्या पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरच्या. फसवणूक अशी की काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची असते. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, आणि उडताना त्याचं तोंड उघडायला जागा न मिळाल्याने दाब वाढतो. आपल्या खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत शक्तिमान छापाची काडतुसं बनतात. डबा घेताना लांबी वाचायची सवय लावा. काही लोक अडीच इंची चेंबर वाढवून पावणेतीन करून घेतात. पुन्हा प्रूफ न करता असं काम केलेली बंदूक जाणकार गिऱ्हाईक बाजूला ठेवतं.

बोअरही इथेच सांगतो. बारा बोअरला मागणी, कारण काडतूस मिळतं. सोळा बोअर कितीही देखणी असो, काडतुसांसाठी मारामार असते, म्हणून भाव खाली येतो.

नळी तोंडाशी कापलेली नाही ना, हेही पाहा. दोन नळ्यांमधली पट्टी तोंडाशी नीट बंद नसेल आणि दोन्ही नळ्यांच्या तोंडात फट दिसत असेल तर कापल्याचा संशय घ्या. कापली की चोक, म्हणजे तोंडाशी असलेली चिंचोळी बांधणी, जाते. छर्रे दूरवर एकत्र राहत नाहीत. आणि नळी परवान्याशिवाय आखूड करणं हा कायद्याने गुन्हा आहे. वीस इंचांखालच्या नळीची बंदूक तर निर्बंधित वर्गातच मोडते. अशी बंदूक स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअरही त्याच वर्गातली, त्यामुळे तिला सामान्य परवान्यावर गिऱ्हाईकच नाही.

शेवटची चाचणी कानाची. सुट्या नळ्या खालच्या हुकाने बोटावर लटकवा आणि नखाने टिचकी मारा. देवघरातल्या घंटेसारखा लांब नाद आला तर नळ्यांमधल्या पट्ट्यांचं झाळण शाबूत आहे. फुटक्या मडक्यासारखा भद्द आवाज आला तर कुठेतरी झाळण सुटलंय आणि आत ओल शिरलेली असू शकते. आमच्या बंदुकीचा नाद ऐकून तो दुकानदार पहिल्यांदा हसला होता.

७. सांधा, घोडा, इजेक्टर

पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा, दस्ता, म्हणजे मागचं लाकूड, काखेत धरा आणि नळ्या डावी-उजवीकडे हलवून पाहा. जराही खुळखुळ जाणवली तर सांधा झिजलाय. वरचा कडीचा लिव्हर कुठे थांबतो ते बघा. मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबत असेल तर पुष्कळ आयुष्य शिल्लक आहे, डावीकडे गेला असेल तर झीज झालेली आहे. सांधा पुन्हा घट्ट करता येतो, पण ते काम करणारे चांगले हात आता मोजकेच उरलेत.

उघडताच रिकामं काडतूस बाहेर फेकणारी इजेक्टरची बंदूक बिनइजेक्टरपेक्षा महाग. कडेच्या पट्टीवर यंत्रणा असलेली साइडलॉक ही साध्या बॉक्सलॉकपेक्षा महाग. बिनघोड्याची बंदूक ही बाहेर घोडे असलेलीपेक्षा सहसा महाग. चाप फार हलका झाला असेल तर ते धोक्याचं लक्षण, किंमत वाढवणारं नव्हे.

८. दस्ता

अक्रोडाचं लाकूड, त्यावरच्या रेषा, मुठीवरची जाळी. जाळी झिजलेली चालते. तडा चालत नाही. तडा पाहायचा तो लोखंड आणि लाकूड जिथे भिडतं तिथे, अगदी बारीक केसासारखा. त्या जागी लाकूड काळं आणि मऊ पडलेलं असेल तर वर्षानुवर्षं तेल मुरलंय. बंदूक तोंड वर करून उभी ठेवली की तेल ओघळून दस्त्यात उतरतं. म्हणून तेल लावल्यावर काही दिवस तोंड खाली करून ठेवावी. आजोबा तसं ठेवायचे. आम्हाला लहानपणी ते विचित्र वाटायचं.

मागे रबरी गादी बसवायला दस्ता कापलेला असेल तर विलायती बंदुकीचा भाव उतरतो. गनमनला मात्र ती गादी आवडते.

९. विकण्याआधी पॉलिश करू नका

हे मी जितक्या कळकळीने सांगू शकेन तितकं थोडं. गाडी विकताना धुऊन-पुसून विकतात, म्हणून आपल्याला वाटतं बंदूकही चकाकवावी. आमच्या काकांनी फार पूर्वी, प्रेमापोटीच, अ‍ॅक्शन बफ करून घेतली होती. एका कडेची बारीक नक्षी त्यात अर्धी पुसली गेली. मूळ घडणीचे निळसर-तपकिरी रंग गेले ते गेलेच. दुसऱ्या दुकानदाराने त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि भाव तिथल्या तिथे खाली आणला. जुनं, मूळ, झिजलेलं रूप हे नव्या चकाकीपेक्षा जास्त किमतीचं. पॉलिशमध्ये नंबर किंवा प्रूफची खूण पुसट झाली तर मग संशय सुरू होतो, आणि संशयाला भाव नसतो.

काय करावं? मऊ कापडाने धूळ पुसा, आतून सळईने कोरडा बोळा फिरवा, पातळ तेलाचा हात द्या. बस. चामड्याच्या किंवा मखमली पेटीत ठेवू नका, ती ओल धरते. पेटी मूळची असेल, आतला कारागिराचा कागद शाबूत असेल, तर पेटी वेगळी जपा. विलायती बंदुकीला तिचे वेगळे पैसे मिळतात.

१०. भाव काढणं आणि विक्री

निदान तीन परवानाधारक दुकानदारांना दाखवा. पुण्यात दोन, मुंबईत एक. मला मिळालेल्या पहिल्या आणि शेवटच्या भावात जवळपास दुपटीचा फरक होता. मधल्या काळात बदललं होतं ते एवढंच, की कागद दुरुस्त झाले होते आणि नळीची मापं मी कागदावर लिहून नेत होतो. दुकानदाराला विचारा: “तुम्ही स्वतः घेता की माझ्या वतीने विकून देता?” स्वतः घेणार असेल तर भाव कमी पण पैसे लवकर. वतीने विकणार असेल तर कमिशन किती, भाडं कुणाकडे, किती महिन्यांनी परत घेता येईल, हे लेखी घ्या.

स्वतः गिऱ्हाईक शोधलंत तर शस्त्र अधिनियमाचं कलम ५(२) नीट वाचा. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचा, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबायचं. त्याआधी बंदूक हातातून सोडायची नाही, ओळखीचा माणूस असला तरी, मेहुणा असला तरी. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्याच प्रकारच्या शस्त्राला मंजुरी आहे का, खरेदीची मुदत शिल्लक आहे का, हे मूळ परवाना पाहून खात्री करा. झेरॉक्सवर भागवू नका. विसार घेतलात तर पावती द्या, आणि त्यात “परवानगी न मिळाल्यास रक्कम परत” हे वाक्य घाला.

कुणी म्हणेल, “कागद राहू दे, रोख देतो, भाव जास्त देतो.” त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. बंदुकीचा नंबर तुमच्या घराच्या नावाशी बांधलेला आहे आणि पुढे त्या बंदुकीने जे काही होईल त्याची पहिली चौकशी तुमच्याच दारात येईल.

आमची बंदूक सासवडकडच्या एका अंजीर बागायतदारांनी घेतली. परवाना पीकसंरक्षणाचा, वय साठीचं. त्यांनी दुकानात बंदूक उघडली, नळ्या उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले, मग नखाने टिचकी मारली. नक्षी पुसलेल्या कडेबद्दल त्यांनी विचारलंही नाही.

त्याच दिवशी तीन गोष्टी करून घ्या: विक्रीची पावती, ज्यात बंदुकीचा पूर्ण नंबर असेल, परवान्यातून ती बंदूक कमी केल्याची नोंद, सही-शिक्क्यासह, आणि घेणाऱ्याच्या परवान्यात ती चढल्याच्या पानाची प्रत. तिसरी गोष्ट मिळायला मला आणखी तीन आठवडे लागले. ते पान आता आजोबांच्या पावतीबरोबर गोदरेजच्या कपाटात आहे.